मदत हवी आहे: डीसीपीएसचे गायब हप्ते प्रान खात्यात कसे आणायचे?

नमस्कार मंडळी. मुंबईतलं राज्य सरकारी कार्यालय, नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे जुनी पेन्शन नाही. डीसीपीएसची (त्याऐवजी आलेली, पगारातून कपात होणारी अंशदान पेन्शन योजना) शिल्लक प्रान खात्यात (राष्ट्रीय पेन्शन योजनेतलं, म्हणजे एनपीएसचं वैयक्तिक खातं) वर्ग झालीय, पण आर-३ विवरणपत्र (डीसीपीएसमधल्या जमेचा वार्षिक हिशेब) पगारपत्रकांशी ताडलं तर मधले ७ हप्ते गायब! मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात पगारातून झालेली स्पष्ट दिसते; जमा मात्र ती नाही आणि सरकारचा वाटाही नाही. बदलीनंतरच्या शेड्यूलमध्ये (पगारबिलाला जोडलेली कपातीची यादी) डीसीपीएस क्रमांक चुकला असावा, नेहमीचंच दुखणं. आता त्या पगारबिलांचे व्हाउचर क्रमांक, तारीख शोधून प्रस्ताव आहरण व संवितरण अधिकाऱ्यांमार्फतच (कार्यालयाची पगारबिलं काढणारे अधिकारी) पाठवायचा ना? जुन्या कार्यालयात व्हाउचर सापडलंच नाही तर काय चालतं? मधल्या काळाचं व्याज मिळतं का? निवृत्तीला दोनच वर्षं उरलीत. त्यात जमा रकमेपैकी किमान ४० टक्के ॲन्युइटीत (दरमहा पेन्शन देणारी विमा कंपनीची योजना) जाणार.