मदत हवी आहे: स्ट्रेप्टोमायसिसमधला प्रोटिएज इनहिबिटर, दोनपैकी जनुक कोणतं?

नमस्कार मंडळी,

मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतेय. लातूरकडच्या तुरीच्या शेतातल्या मातीतून एक स्ट्रेप्टोमायसिस (मातीतला एक जिवाणू) मिळालाय. त्याचं कल्चर गाळून ८० अंशांवर तापवलं की त्याचे स्वतःचे प्रोटिएज (प्रथिनं कापणारी विकरं) निकामी होतात, आणि उरलेला द्रव सबटिलिसिन व ट्रिप्सिन या दोन्ही प्रोटिएजना अडवतो, म्हणजे त्यात इनहिबिटर आहे. स्किम मिल्क अगारवर फरक लख्ख दिसतो: नुसतं सबटिलिसिन घातलेल्या विहिरीभोवती पारदर्शक वलय, तर आमचा द्रव मिसळलेल्या विहिरीभोवती दूध तसंच पांढरं.

३.५ किलोडाल्टनच्या पिशवीत डायलिसिस केल्यावरही (म्हणजे त्याहून छोटे रेणू बाहेर झिरपून गेल्यावरही) गुण टिकतो. म्हणजे हे ल्युपेप्टिनसारखं छोटं पेप्टाइड नाही, प्रथिनच असणार. (ल्युपेप्टिन रायबोसोमवर बनतच नाही, त्यामुळे त्याचं जनुक असं सरळ शोधता आलं नसतं.)

जीनोम करून घेतला, त्यात एसएसआय (स्ट्रेप्टोमायसिस सबटिलिसिन इनहिबिटर) कुळातली दोन जनुकं निघाली. जपानमध्ये १९७०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिस अल्बोग्रिझिओलसमधून मिळालेल्या मूळ एसएसआयमध्ये ११३ अमिनो आम्लं आहेत, आणि सबटिलिसिनच्या खाचेत बसणारं ७३वं मेथिओनिन आहे. आमच्या एका जनुकात त्या जागी मेथिओनिन आहे, दुसऱ्यात लायसिन. ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिननंतरच कापतं, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण सरांचं म्हणणं, हा नुसता अंदाज झाला, पुरावा नाही. ते मलाही पटतं. दोन्ही प्रथिनं एकत्र स्रवत असतील तर?

आता शुद्ध केलेला बँड (जेलवरचा प्रथिनाचा पट्टा) मास स्पेक्ट्रोमेट्रीला द्यायचाय; त्यासाठी आधी प्रथिनाचे ट्रिप्सिनने तुकडे करतात. पण जे प्रथिन ट्रिप्सिनलाच अडवतं, त्याचं ट्रिप्सिनने पचन नीट होईल का? डीटीटीने डायसल्फाइड बंध (प्रथिनाची घडी धरून ठेवणारे गंधकाचे बंध) तोडून, ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोअॅसिटामाइड दिलं की पुरतं, की सरळ एन-टर्मिनल सिक्वेन्सिंग (प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाची अमिनो आम्लं क्रमाने वाचणं) करावं? सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर नेणारा सुरुवातीचा तुकडा) नेमकं कुठे कापलं जातं तेही त्यातून कळेल.

दुसरं म्हणजे ई. कोलायमध्ये एक्स्प्रेशन, म्हणजे त्या जिवाणूकडून हे प्रथिन बनवून घेणं. दर साखळीत दोन डायसल्फाइड बंध आहेत, म्हणून पेलबी सिग्नल पेप्टाइड लावून पेरिप्लाझममध्ये (पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत, जिथे हे बंध नीट जुळतात) पाठवावं असा विचार आहे. डीएनएमधलं जीसीचं (ग्वानिन-सायटोसिनचं) प्रमाण ७० टक्क्यांच्या वर असल्याने पीसीआर (जनुकाच्या प्रती काढणं) डीएमएसओ हे मदतनीस द्रावक घालूनही अवघड जातोय. कोडॉन बदलून जनुक सिंथेसाइझ करून घेणं परवडेल का? आणि दोन्ही जनुकांचे नॉकआउट (जनुक निकामी करून पाहणं) केल्याशिवाय रिव्ह्यूअर मानतात का?

पुढे हे घाटेअळीच्या आतड्यातल्या ट्रिप्सिनवर तपासायचंय, त्यामुळे जनुकाची ओळख पक्की हवीच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिसच्या इनहिबिटरवर काम झालंय; तिथे हे हाताळलेलं कुणी असेल तर पचनाचा प्रोटोकॉल कृपया इथेच लिहा.