नोंदणीकृत पण मान्यता नसलेला पक्ष : विधानसभेच्या अर्जाला सूचक किती?

सदस्य_वाई : आमच्या पक्षाची निवडणूक आयोगाकडे नोंदणी आहे, मान्यता (पुरेशी मतं किंवा जागा मिळाल्यावर मिळणारा दर्जा) नाही. एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) जोडला तर एक सूचक (अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार) पुरेल का? आणि चिन्हाचं काय?

छाननी_कक्ष : नाही पुरणार. एक सूचक फक्त मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला चालतो. तुम्हाला अपक्षांप्रमाणेच दहा लागतील आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. नमुना २ब चा (विधानसभेच्या उमेदवारी अर्जाचा) भाग दोन भरा, भाग एक नाही. १९९६ पर्यंत सगळ्यांना एकच सूचक पुरायचा. त्या वर्षी बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे राहिले, मग कायदा बदलला. गर्दी रोखायची होती हे समजतं, पण खऱ्या छोट्या पक्षालाही त्याच चाळणीतून काढणं मला अन्यायाचं वाटतं.

सूचकाचा यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या मतदार यादीवरूनच घ्या. एक सूचक बाद झाला की नऊ उरतात आणि अर्ज जातो. अंगठा लावणाऱ्या सूचकाला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगाने ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच लागते (१०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना ५,०००, चेक घेत नाहीत). म्हणून दुसऱ्या अर्जावर वेगळे दहा सूचक घ्याच.

नोटरी_कट्टा : नमुना २६ च्या (गुन्हे, मालमत्ता, शिक्षण यांची माहिती देणाऱ्या) शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत जोडा. संविधानावरच्या निष्ठेची शपथ (ही शपथपत्राहून वेगळी) अर्ज दिल्यानंतर घ्यायची, पण छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच. छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही.

सदस्य_वाई : एबी फॉर्मला उशीर झाला तर?

छाननी_कक्ष : शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत, शाईच्या मूळ सहीसह पोचायला हवा; झेरॉक्स किंवा सहीचा शिक्का चालत नाही. नाही पोचला तर दहा सूचकांच्या बळावर उमेदवार अपक्ष म्हणून टिकतो, मात्र चिन्हातला अग्रक्रम जातो. एकच मुक्त चिन्ह (कुठल्याही मान्यताप्राप्त पक्षासाठी राखून न ठेवलेलं) तुम्ही आणि अपक्षांनी मागितलं तर ते नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला मिळतं. असे दोन पक्ष असतील तर त्यांच्यात चिठ्ठी. तीन चिन्हांचा पसंतीक्रम पहिल्या अर्जातच नीट लिहा. तो अर्ज बाद झाला तरी पसंती त्यातलीच धरतात, नंतरच्या अर्जातली नाही.