मदत हवी आहे: पन्नाच्या हिऱ्याचं तापमान १,७०३ अंश कसं काय येतंय?

अष्टफलक (पुणे)

मंडळी, एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या मझगवाँ पाइपमधले (हिरे वर आणणाऱ्या जुन्या ज्वालामुखीच्या नळीतले) तीन कच्चे हिरे अभ्यासाला मिळाले आहेत. आतल्या नायट्रोजनवरून ते प्रावरणात किती तापमानाला राहिले हे काढायचंय. एफटीआयआर (अवरक्त प्रकाश किती शोषला जातो याचं मोजमाप) पुण्यातल्याच एका रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत केलं. एक खडा चपटा त्रिकोणी, जेमतेम १ मिमी जाड. बाकीचे दोन अष्टफलक, ४ मिमीच्या आसपास.

चपट्या खड्यात एकूण नायट्रोजन ५०० पीपीएम आला. त्यातला ए-प्रकारचा (जोडीतला) ३५०, बी-प्रकारचा (चौकडीतला) १५०. प्रावरणातला मुक्काम २ अब्ज वर्षं धरला. टेलरच्या १९९० च्या समीकरणातून (ए-चा बी किती झाला यावरून तापमान देणारं) उत्तर येतं १,७०३ अंश सेल्सिअस. इतक्या तापमानाला दीडशे किमी खोलीवरचं प्रावरणच वितळायला लागेल. जाड खड्यांचा तर १२८२ तरंगसंख्येचा पीक (नायट्रोजनचं शोषण) वरून सपाट कापल्यासारखा दिसतोय. आणि यावरून खोली कशी काढायची? आगाऊ आभार.

खडकवाचक

तुमचे आकडे ठीक आहेत, वेळ वर्षांत घातलीय. समीकरण असं वाचा:

केल्व्हिन तापमान = ८११६० ÷ नैसर्गिक लॉग [ वेळ × एकूण नायट्रोजन × २,९४,००० ÷ (एकूण ÷ ए − १) ]

यातली वेळ सेकंदांत हवी. २ अब्ज वर्षं म्हणजे ६.३१ × १०^१६ सेकंद. मग लॉग येतो ५८.३४, तापमान १,३९१ केल्व्हिन, म्हणजे १,११८ सेल्सिअस. वर्षं तशीच ठेवली की लॉग ४१.०७ वर घसरतो आणि बरोब्बर तुमचे १,७०३ येतात. एक्सेलमध्ये ३.१५६ × १०^७ ने गुणण्याचा वेगळा रकाना ठेवा, म्हणजे पुढच्या खड्याला गडबड होणार नाही.

मुक्कामाच्या वर्षांवरून मात्र फार डोकं शिणवू नका. १ अब्ज धरली तर ११३५, ३ अब्ज धरली तर ११०९. बीचा वाटा ३० ऐवजी ६० टक्के निघाला तर ११४९. म्हणजे वाद घालायचाच तर ए-बीच्या वाटणीवर घालावा. ती कशी केलीत?

अष्टफलक

१२८२ ची उंची गुणिले १६.५ म्हणजे ए. ११७५ ची उंची गुणिले ७९.४ म्हणजे बी.

खडकवाचक

मग ३५० आणि १५० वरही अजून विश्वास टाकता येत नाही. १६.५ आणि ७९.४ हे दोन्ही गुणक १२८२ वरच्याच शोषणासाठी आहेत, कारण बी-केंद्रंही १२८२ ला शोषतात. शिवाय ए-केंद्रांचा थोडा हात ११७५ लाही असतो. त्यामुळे आधी स्पेक्ट्रमचे ए आणि बी असे दोन घटक वेगळे करायचे, मग प्रत्येक घटकाची १२८२ वरची उंची घेऊन गुणायचं. हाताने करू नका. क्विडिट हा पायथन प्रोग्रॅम फुकट आहे, बेसलाइनपासून तापमानापर्यंत सगळं करतो. घटक वेगळे केल्यावर ए २१.२ आणि बी १.९ प्रति सेंमी आले, तरच तुमचे ३५० आणि १५० खरे.

आणि हो, 'प्रति सेंमी' म्हणजे शोषण गुणांक (दर सेंमी जाडीमागचं शोषण), यंत्र देतं ते नुसतं शोषण नव्हे. जाडी मोजायची गरज नाही. हिऱ्याचा स्वतःचा १९९५ जवळचा पट्टा १२.३ प्रति सेंमी इतका येईल अशा बेताने सगळा स्पेक्ट्रम मोठा-लहान करायचा. जाडीही निघून जाते आणि २.३०३ चा (दशमान लॉग नैसर्गिक करण्याचा) गुणकही.

गारगोटी

सपाट पीकचं कारण साधं आहे: प्रकाश पलीकडे पोचतच नाही. ५०० पीपीएमच्या खड्यात १२८२ ला गुणांक साधारण २३. १ मिमी जाडीला शोषण १ येतं, ४ मिमीला ४. म्हणजे डिटेक्टरपर्यंत दहा हजारातला एकच भाग जाणार, उरलेला नुसता गोंगाट. तिथल्या उंचीला अर्थ नाही आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती परत आणून देणार नाही. अष्टफलकाच्या तिरप्या पृष्ठांवर प्रकाश वाकडातिकडा जातो तो तोटा निराळाच. खड्याच्या मधून समांतर पृष्ठांची अर्धा ते एक मिमीची चकती घासून घ्यावी लागेल. संग्रहातला खडा असेल तर आधी लेखी परवानगी.

एक शंका. रसायनवाल्यांच्या यंत्रावर बहुतेक वेळा एटीआर (नमुना स्फटिकावर दाबून पृष्ठभागावरूनच मोजणारा जोड) बसवलेलं असतं, आणि त्याचा स्फटिक हिऱ्याचाच असतो. म्हणजे १९०० ते २३०० च्या पट्ट्यात तो स्वतःच शोषतो, आणि नेमका तोच पट्टा तुम्हाला मोजमापाला लागतो. एटीआर काढून ट्रान्समिशन (प्रकाश खड्यातून आरपार) लावायला सांगा, शक्यतो मायक्रोस्कोपसकट. ४ प्रति सेंमी रिझोल्यूशन, १२८ स्कॅन, आणि दर खड्याआधी नवी पार्श्वभूमी.

आत्ता पावसाळा आहे. यंत्राच्या पेटीतली वाफ १३०० ते २००० मध्ये बारीक काट्यांचं रान उठवते आणि १३७० जवळचा प्लेटलेटचा (बी-केंद्रांसोबत तयार होणाऱ्या पातळ चकतीसारख्या दोषाचा) पीक त्यात बुडतो. कोरडा नायट्रोजन निदान वीस मिनिटं सोडून मग मोजा. २८५० ते २९२० ला पीक दिसले तर ते खडा चिकटवलेल्या मेणाचे किंवा गोंदाचे. ॲसिटोनने धुवा.

कोथरूडकर

विषयाला सोडून: हिरे पन्नाला, गोवळकोंड्याकडे, मग आपल्या सह्याद्रीत का नाहीत? कातळ तर इथेही ज्वालामुखीचाच.

खडकवाचक

दख्खनचा बेसाल्ट त्यामानाने उथळ जागी वितळून तयार झाला, हिरा टिकतो त्या खोलीच्या पट्ट्याच्या वर. किंबरलाइट आणि लॅम्प्रोइट (खोल प्रावरणातून येणारे ज्वालामुखी खडक) त्या पट्ट्याखालून निघतात, झपाट्याने वर येतात आणि वाटेतले हिरे उचलून आणतात. इथे खाणीत जे चमचमतं ते बहुधा अपोफिलाइट किंवा क्वार्ट्झ. दिसायला देखणं, पण काचेवर ओरखडा उठला म्हणून हिरा ठरत नाही, क्वार्ट्झनेही उठतो.

अष्टफलक

सेकंद घालून १,११८ आलं. घटक वेगळे करून पुन्हा बघतो. आता खोली?

गारगोटी

नायट्रोजन खोली सांगत नाही, फक्त तापमान. त्यावरून किमान दाब काढता येतो: ग्राफाइट-हिरा सीमारेषेवर (याहून कमी दाबाला हिऱ्याऐवजी ग्राफाइट स्थिर) किलोबार = १९.४ + (सेल्सिअस ÷ ४०). तुमच्या १,११८ ला ४७.४ किलोबार, म्हणजे ४.७ गिगापास्कल, म्हणजे १५० किमीच्या आसपास. प्रबंधात 'किमान' हा शब्द गाळू नका. खरा आकडा हवा तर इन्क्लूजन (हिऱ्यात अडकलेला दुसऱ्या खनिजाचा कण) लागतं.

रामन (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखण्याची पद्धत) लावून बघा. हिऱ्याचा १३३२ चा पीक सगळ्यांना झाकून टाकतो, म्हणून फोकस नेमका इन्क्लूजनच्या पोटात. ८२० ते ८६० च्या दरम्यान जोडपीक म्हणजे ऑलिव्हिन, ५२१ म्हणजे कोसाइट (क्वार्ट्झचं उच्च दाबातलं रूप). रामनने खनिज ओळखता येतं, पण दाब काढायला रासायनिक पृथक्करण लागतं आणि त्यासाठी घासून इन्क्लूजन उघडं पाडावं लागतं. संग्रहातल्या खड्याचं ते करू नये असं माझं मत. त्याऐवजी त्याच पाइपच्या जड खनिजांतले जांभळे गार्नेट मायक्रोप्रोबवर (बारीक बिंदूचं रासायनिक पृथक्करण करणारं यंत्र) घाला. कॅल्शियम ऑक्साइड जर ३.३७५ + ०.२५ × क्रोमियम ऑक्साइड यापेक्षा कमी असेल तर जी-१० हा गार्नेटचा गट, म्हणजे हिऱ्याचा सोबती. क्रोमियम ६ टक्के असताना कॅल्शियम ५.२ आलं तर सीमा ४.८७५, तो जी-९. पाइपमध्ये जी-१० भरपूर म्हणून तुमचा खडा त्याच थरातला, असं मात्र लिहू नका.

खडकवाचक

मुक्कामाबद्दल एक राहिलं. मझगवाँचा उद्रेक सुमारे १.१ अब्ज वर्षांपूर्वीचा. म्हणजे २ अब्जांचा मुक्काम धरताना हिऱ्याचं वय तुम्ही ३.१ अब्ज गृहीत धरलंय. हे वय बहुधा दक्षिण आफ्रिकेकडून उसनं आलंय: किंबर्ली आणि फिन्शच्या गार्नेट इन्क्लूजनवरून १९८४ मध्ये ३.२ ते ३.३ अब्ज निघालं होतं. तक्त्यात १, २ आणि ३ अब्ज असे तिन्ही रकाने द्या.

चकती झाली की गाभा आणि कडा वेगळ्या मोजा, ५० ते १०० मायक्रॉनच्या टप्प्यांनी. सबंध खड्यातून एकच किरण काढला तर दोन वेगळ्या काळांतल्या वाढीची सरासरी मिळते, आणि ते तापमान खड्यात कुठेच नसतं. एखाद्या जागी नायट्रोजन १० पीपीएमच्या खाली गेला तर तो बिंदू सोडून द्या, तिथे ए-बीची वाटणी भरवशाची नसते.