मायक्रोडर्माब्रेजननंतर गालावर पट्टे उठले, पुढचं सिटिंग करू का?

शेवंती

नमस्कार मंडळी. मुरुमं गेली, पण त्वचा खडबडीत आणि डागाळलेली राहिली म्हणून मायक्रोडर्माब्रेजन, म्हणजे मशीनने त्वचेचा वरचा थर हलकेच घासून काढणं, सुरू केलं. डायमंड टिपचं, म्हणजे टोकाला हिऱ्याची बारीक कणी असलेलं मशीन आहे. पहिल्या सिटिंगनंतर थोडी लाली आली आणि संध्याकाळपर्यंत गेली. परवाच्या सिटिंगनंतर मात्र दोन्ही गालांवर बोटभर लांबीचे लालसर पट्टे उठलेत. जबड्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत. फेसवॉश लागला की चरचरतं. करणाऱ्या ताई म्हणाल्या, "तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे, होतं असं."

माझा रंग सावळा आहे. साधी पुटकुळी फुटली तरी तिचा काळा डाग महिनोन्महिने जात नाही, त्यामुळे धास्ती वाटतेय. रात्री मुरुमांसाठीचं ॲडापॅलिन लावते, ते त्यांना सांगितलं नव्हतं कारण त्यांनी विचारलंच नाही. पट्टे जातील ना? आणि पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून काय करू?

मैत्रेयी_क

मलाही व्हायचं असं. बर्फाचा खडा चोळ, लाली उतरते. स्क्रब आठवडाभर बंद ठेव.

अनुराधा

शेवंती, मी बरीच वर्षं हेच काम करते, मशीन रोज हातात असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पट्टे कसले आहेत ते बघ. पारदर्शक काचेचा स्वच्छ ग्लास घे, त्याची बाजू पट्ट्यावर हलकेच दाब आणि काचेतून बघ. लाली फिकी पडली तर रक्तवाहिन्या फक्त फुगल्या आहेत, ते लवकर उतरतं. दाबूनही ठिपके तसेच लाल राहिले तर तिथे सक्शनने, म्हणजे मशीनच्या ओढीने, बारीक केशवाहिन्या फुटल्या आहेत. तेही बहुतेक वेळा काही दिवसांत विरतं. तपकिरी छटा येऊ लागली तर मात्र तो दाहानंतर उरणारा काळसरपणा. सावळ्या त्वचेत हाच जास्त रेंगाळतो, आपल्याला टाळायचा आहे तो हा.

मैत्रेयी, बर्फ चोळू नका हो. वरचा थर आधीच खरवडलेला असतो. त्यावर खडा घासला की परत घर्षण, आणि गारठ्याने त्वचा भाजते ती वेगळीच. थंड पाण्यात भिजवलेलं मऊ सुती कापड पिळून नुसतं ठेवायचं, पुसायचं नाही.

आता पट्टे का उठतात? हे मशीन दोन कामं एकदम करतं, घासतं आणि ओढतं. घासण्यापेक्षा ओढण्याने जास्त खुणा पडतात. हँडपीस, म्हणजे हातात धरायचा टिपचा भाग, क्षणभर जरी एका जागी थांबला तरी कातडी आत खेचली जाते आणि तिथे गोल किंवा लांबट वळ उठतो. म्हणून एका हाताच्या दोन बोटांनी त्वचा ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने हँडपीस न थांबवता सरकवायचा. त्वचा सैल राहिली तर टिपपुढे तिची घडी होते आणि घडीच्या कडेला रेघ उमटते. जबड्याच्या हाडावर, गालफडांवर आणि मानेवर ओढ कमी करावी लागते. पापण्यांच्या जवळ तर टिप नेतच नाहीत. तुझे ठिपके जबड्याच्या कडेलाच आलेत, म्हणजे तिथेही गालाचंच सेटिंग चालू ठेवलं असणार असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. मशीनचा फिल्टर मळाने भरला की ओढ कमी होते आणि करणारा डायल वर चढवतो. मग फिल्टर बदलला जातो, पण डायल तिथेच राहतो. आकडा तोच, ओढ मात्र जोरात. मी रोज पहिल्या सिटिंगआधी टिप स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूला लावून बघते. तू पुढच्या वेळी तुझ्या हातावर लावून दाखवायला सांग. असं सांगायला अजिबात संकोच करू नको, चेहरा तुझा आहे.

त्वचेचा वरचा मृत थर चेहऱ्यावर साधारण १० ते २० मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. त्यातलाच थोडासा काढायचा असतो. रात्रीचं ॲडापॅलिन तो थर आधीच पातळ आणि हुळहुळा करतं, त्यामुळे दोन्ही मिळून जास्त झालं. ॲडापॅलिन, ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक ॲसिड, अशी लावायची सगळी औषधं सिटिंगआधी तीन ते सात दिवस थांबवतात. नंतर आग पूर्ण गेल्यावर आणि सोलणं थांबल्यावरच पुन्हा सुरू करतात. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीचही त्याच आठवड्यात नको. हे न विचारता मशीन सुरू करणं मला पटत नाही. सेन्सिटिव्ह स्किन आहे असं वाटत होतं, तर ओढ आधीच कमी ठेवायला हवी होती.

सध्या चेहरा कोमट पाण्याने धू, फेसवॉश बिनवासाचा आणि सौम्य घे. त्वचा ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लाव, पेट्रोलियम जेली असलेलं असेल तर उत्तम. वाफ घेणं, घाम येईल असा व्यायाम आणि पोहणं काही दिवस बाजूला ठेव. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, बाहेर असशील तर दर दोन तासांनी. सावळ्या त्वचेला टिंटेड सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं आणि तोही डाग गडद करतो. कोणी गोरेपणाची किंवा डागांची ट्यूब सुचवली तर घटक वाचल्याशिवाय हात लावू नको. काहींमध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. लाली झटकन जाते, पण वापरत राहिलं तर त्वचा पातळ होते.

कोवळं_ऊन

अनुराधाताई, मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो. मी करू शकतो का? आणि घरी वापरायची छोटी मशीनं मिळतात ती कशी?

अनुराधा

गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर यासाठी स्वतःहून बंद करू नका. त्या गोळीवर असताना थोड्या ओढीनेही काळेनिळे वळ उठतात. आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तरी ओढ सगळ्यात कमी ठेवायला सांगा. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तर तेही सांगायलाच हवं. पूर्वी सहा महिने थांबायला सांगत. वरवरच्या उपचारांसाठी आता तो नियम तितका कडक धरत नाहीत, पण निर्णय त्वचारोगतज्ज्ञांचा. ओठांवर ताप फुटत असेल, चेहऱ्यावर पिकलेली मुरुमं असतील किंवा ऊन लागून त्वचा भाजली असेल, तर त्या दिवशी परत पाठवलं पाहिजे.

घरच्या मशीनची ओढ कमी असते हे खरं, पण लोक "अजून एकदा" म्हणत एकाच नाकपुडीवर फिरवत राहतात. माझ्याकडे पट्टे घेऊन येणाऱ्यांत असे पुष्कळ असतात.

शेवंती

ताई, ग्लास दाबून बघितला. गालावरची लाली फिकी पडते, जबड्यावरचे ठिपके तसेच राहतात. चरचर आज कमी आहे. ॲडापॅलिन बंद केलंय. पुढचं सिटिंग दोन आठवड्यांनी दिलंय, जाऊ का?

अनुराधा

हे बरं लक्षण आहे. पण दोन आठवड्यांनी नको. त्वचा एरवी चांगली असेल तर दोन आठवड्यांचं अंतर चालतं, पण तुझी अजून सावरतेय. चार आठवडे जाऊ दे, आणि तपकिरी छटा दिसली तर ती जाईपर्यंत नाहीच. छटा वाढत गेली, पाणी सुटलं, खपली धरली, सूज आली किंवा ठिपके मशीन न फिरवलेल्या जागी उठले, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मुरुमांचे खोल खड्डे या मशीनने भरत नाहीत, त्यासाठी वेगळे उपचार असतात. त्यामुळे ओढ वाढवून खड्डे जातील असं कोणी म्हटलं तर नको म्हण.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा ॲडापॅलिन केव्हा थांबवलंस ते आधी सांग. आजच्या खुणांचे फोटोही खिडकीजवळच्या उजेडात काढून ठेव, म्हणजे कुठे ओढ कमी करायची ते त्यांना दाखवता येईल.