मदत हवी आहे : काम्पान्योलोच्या जुन्या क्विक रिलीजचा मागचा नट

नमस्कार मंडळी. इटलीत राहतो. इथल्या जुन्या बाजारात एक पोलादी रेसिंग सायकल मिळाली. दोन्ही हब (चाकांचे मधले तुंबे) काम्पान्योलो या इटालियन कंपनीचे, पण मागच्या क्विक रिलीजचा (अवजाराशिवाय चाक कसायचा, खिट्टी असलेला दांडा) नट गायब. पुढच्याची खिट्टी सरळ आहे, मागच्याची वाकडी, म्हणजे दोन्ही मूळची जोडी नसावीत. मागे फ्रेमचं अंतर 120 मिमी, म्हणजे पाच गिअरच्या जमान्यातली फ्रेम.

तात्पुरता आजकालचा उघड्या कॅमचा (कॅम म्हणजे खिट्टी फिरवली की दांडा ताणणारा भाग), हलका ॲल्युमिनियमचा क्विक रिलीज लावला. चढावर उभं राहून पेडल मारलं की चाक उजवीकडून पुढे सरकतं आणि टायर डाव्या नळीला घासतो. नीट पाहिलं तर नटाचे दात ड्रॉपआउटच्या (फ्रेमची चाक बसते ती खाच) क्रोमवर नुसते ओरखडे काढतात, रुतत नाहीत. जुन्यात कॅम पोलादी घरात बंद असतो, त्यामुळे पकड कितीतरी घट्ट बसते. 1927 मध्ये थंडीने बधिर बोटांनी कंपनीचा संस्थापक टुलिओ काम्पान्योलो याला चाकाचे नट सुटेनात आणि त्यातून ही युक्ती सुचली, असं सांगतात. त्यानंतर इतकी वर्षं झाली, तरी माझ्या मते बंद कॅमला अजून तोड नाही.

तर विचारायचं हे :
सरळ खिट्टी आणि वाकडी खिट्टी यांचे नट एकमेकांना चालतात का? दांड्याचे आटे 5 मिमीचे आहेत, पण आट्यांचं अंतर मोजायला गेज नाही.
नुसता नट सुटा कुठे मिळेल? की शिमानोचा बंद कॅमचा पूर्ण जोड घेऊ? 130 मिमी अंतराच्या फ्रेमसाठीचा दांडा माझ्या फ्रेमला बाहेर किती उरेल? कापला तर आटे खराब होतील का?

कुणी स्वतः जुळवून पाहिलं असेल तर कृपया सांगा, फोटो लगेच टाकतो.