श्पेनर यांचे ड्रेस्डेन सोडणे : तत्त्वनिष्ठा की माघार?

धागाकर्ता : उत्तररात्र

फिलिप याकोब श्पेनर (१६३५–१७०५) यांना प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्माच्या ल्यूथरपंथातील भक्तिप्रधान सुधारणेचे जनक मानले जाते. फ्रँकफर्टच्या धर्मगुरूंचे प्रमुख असताना त्यांनी १६७० पासून घरगुती बायबल-वाचनाची मंडळे चालवली आणि १६७५ मध्ये ‘पिया देसिदेरिया’ हे सुधारणेचे आवाहन प्रसिद्ध केले. १६८६ मध्ये ते सॅक्सनीचे इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेले जर्मन राज्यकर्ते) योहान गेओर्ग तिसरे यांच्या ड्रेस्डेन येथील दरबाराचे मुख्य धर्मोपदेशक झाले. जर्मन ल्यूथरपंथीयांत यापेक्षा मानाचे पद क्वचितच असेल. १६८९ मध्ये त्यांनी इलेक्टरच्या वर्तनाबद्दल, विशेषतः मद्यपानाबद्दल, त्यांना खाजगी पत्र लिहिले. इलेक्टर संतापले, त्यांनी श्पेनर यांच्या प्रवचनांकडे पाठ फिरवली आणि १६९१ मध्ये श्पेनर ब्रांडेनबुर्गच्या राजधानीला, बर्लिनला गेले. या पत्राचे मोठे कौतुक होते, पण मला ते अपुरे वाटते. व्यासपीठ हाती असताना बंद पाकिटातून राजाची कानउघाडणी करायची आणि संबंध तुटल्यावर दुसऱ्या राजाच्या आश्रयाला जायचे, याला मी तत्त्वनिष्ठा म्हणणार नाही.

प्रतिसाद : शमी

असहमत. श्पेनर हे इलेक्टरचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू होते आणि त्या नात्याने दिलेली समज खाजगीच असायला हवी. ती चव्हाट्यावर मांडली असती, तर तो विश्वासघात ठरला असता. शिवाय त्यांनी स्वतःहून राजीनामा दिला नाही. पदावरची नेमणूक ही ईश्वराची हाक आहे आणि ती आपण मोडायची नाही, अशी त्यांची धारणा होती. अखेर सॅक्सनीच्या दरबारानेच खटपट करून ब्रांडेनबुर्गकडून त्यांना बोलावणे येईल अशी व्यवस्था केली. याला पळ काढणे कसे म्हणायचे? ड्रेस्डेनमध्ये त्यांनी मुलांना प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण देण्याचे वर्ग सुरू केले, तेव्हा ‘इलेक्टरला धर्मोपदेशक हवा होता, मिळाला शाळामास्तर’ अशी त्यांची थट्टा झाली. ज्या दरबाराला एवढेही रुचत नव्हते, तिथे व्यासपीठावरून गर्जना करून काय साधले असते?

प्रतिसाद : गोदाकाठ

दोघांचाही भर पत्रावर आहे. माझ्या मते श्पेनर यांची खरी परीक्षा बर्लिनमध्ये झाली. तिथे ते निकोलाय चर्चचे प्रमुख आणि धर्ममंडळाचे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या सरकारी मंडळाचे) सभासद होते. ब्रांडेनबुर्गचे राजघराणे कॅल्विनपंथीय (प्रॉटेस्टंटांच्याच दुसऱ्या पंथाचे) आणि बहुसंख्य प्रजा ल्यूथरपंथीय असल्याने दरबाराला मवाळ ल्यूथरपंथीय हवेच होते (उदारतेला राजकीय हिशेबाची जोड होती, हे उघड आहे). त्याच चर्चमधील श्पेनर यांचे तरुण सहकारी योहान कास्पार शाडे यांनी, पश्चात्ताप न झालेल्यांनाही क्षमा जाहीर करावी लागते म्हणून, सक्तीच्या व्यक्तिगत पापनिवेदनावर हल्ला चढवला आणि पापनिवेदन ऐकण्याच्या आसनाला सैतानाचे आसन म्हटले. पापनिवेदनासाठी लोक धर्मगुरूंना पैसेही देत, त्यामुळे वाद केवळ तत्त्वाचा राहिला नाही. श्पेनर यांना शाडे यांची भाषा पसंत नव्हती, तरी त्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. १६९८ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरच्या आदेशाने व्यक्तिगत पापनिवेदन ऐच्छिक झाले. त्याआधी काही महिने शाडे वारले होते.

धागाकर्ता : उत्तररात्र

शमी, पापनिवेदनाच्या गोपनीयतेचा मुद्दा मान्य. पण तो पत्रापुरता. गोदाकाठ यांचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूने जाते, कारण शाडे यांनी जे उघडपणे मांडले तेच शेवटी अमलात आले.

प्रतिसाद : शमी

अमलात आणण्यासाठी धर्ममंडळात बसणारे कोणीतरी लागतेच. लाइपझिग आणि एरफुर्टमधून बाहेर पडावे लागलेल्या श्पेनर यांचे अनुयायी आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांना ब्रांडेनबुर्गच्या ताब्यातील हाले शहरात जागा मिळाली, ती श्पेनर यांच्या बर्लिनमधील वजनामुळे. १६९४ मध्ये स्थापन झालेले हाले विद्यापीठ या चळवळीचे केंद्र बनले आणि हालेत शिकलेले मिशनरी झीगेनबाल्ग १७०६ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या वतीने तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडीला उतरले. ड्रेस्डेनच्या व्यासपीठावरून एकदाच कडाडून बोलून श्पेनर पदच्युत झाले असते, तर फ्रांके यांच्यासाठी बर्लिनमध्ये शब्द कोणी टाकला असता, ते आपण सांगावे.