शब्दचर्चा: पद्धत, नोटरी आणि कलम

नेरूळकर: एलएलएमच्या प्रबंधाचा आराखडा मराठीत लिहितेय. एखाद्याला काही बक्षीस देण्याचं नुसतं कबूल केलं, तर ते भारतात आणि जर्मनीत कधी बंधनकारक ठरतं, हा विषय. पहिल्याच वाक्यात अडकले: ‘दोन कायदेपद्धतींच्या तुलनेसाठी कार्यात्मक पद्धत ही पद्धत निवडली आहे.’ तीन पद्धती झाल्या!

नौपाडेकर: ताई, पहिलीला ‘विधिव्यवस्था’ म्हणा आणि ‘पद्धत’ फक्त संशोधनाच्या रीतीसाठी राखून ठेवा. ‘कार्यात्मक’ मला परिपत्रकातला वाटतो. ही रीत मांडणारे तौलनिक कायद्याचे जर्मन अभ्यासक त्स्वायगर्ट आणि क्योट्स यांचं सांगणं साधं आहे. कायद्यातली नावं बाजूला ठेवा, अडचण कोणती ते ठरवा, आणि ती दोन्हीकडे कशाने सुटते ते बघा. मी सरळ ‘कामावरून तुलना’ लिहीन.

तुमच्याच विषयात बघा. आपल्या 1872च्या करार कायद्याला ‘प्रतिफल’ लागतं (दस्तात आपण ‘मोबदला’ लिहितो). जर्मन नागरी संहितेत प्रतिफल शोधलंत तर सापडणार नाही, आणि तुम्ही लिहून मोकळ्या व्हाल की तिथे तोंडातून शब्द गेला की माणूस अडकला. तसं नाही. तिथे कलम 518प्रमाणे बक्षिसाचं वचन नोटरीकडे करावं लागतं. आपल्याकडे कलम 25मध्ये जवळच्या नात्यात, प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी करून दिलेलं वचन प्रतिफलाशिवायही टिकतं. नावं वेगळी, काम बरंचसं एक: भावनेच्या भरात दिलेल्या शब्दाला थोडा लगाम.

कोर्टनाका: काका, तुम्ही ‘नोटरी’ हा शब्द फार सहज टाकलात. आमच्या कोर्टाबाहेर नोटरी म्हटलं की सही, शिक्का, रजिस्टरात नोंद, पुढचा. जर्मन नोटरी दस्त पक्षकारांना वाचून दाखवतो, परिणाम समजावतो, तेव्हा सह्या होतात. कामावरून तुलना केली तर तो आपल्या नोटरीच्या जोडीला बसतच नाही. नोंदणीपुरता दुय्यम निबंधकाच्या (आपल्याकडे दस्त नोंदवणारा अधिकारी) जवळ जातो, पण समजावण्याचं काम तिथेही कुणाच्या गळ्यात नाही. शब्द एक आहे म्हणून माणूस एक धरू नका.

नेरूळकर: हे मी खरंच एक धरून चालले होते. अर्धं पान खोडलं. आता दुसरं: ‘लीगल ट्रान्सप्लांट’ला, म्हणजे एका देशातला नियम दुसऱ्याने घेण्याला, ‘कायद्याचं कलम’ चालेल? आमच्या कोकणातल्या आजीला लगेच कळलं.

कोर्टनाका: ‘कलम 25चं कलम’ असं वाक्य आलं की परीक्षक चहा मागवतील.

नौपाडेकर: गंमत सोडा, अडचण वेगळी आहे. हापूसचं कलम कुठल्याही रायवळ खुंटावर बांधा, फळ हापूसचंच येतं. कायद्याचे अभ्यासक अ‍ॅलन वॉटसन यांना 1974मध्ये साधारण हेच म्हणायचं होतं: नियम एका समाजातून दुसऱ्यात जातात आणि रुजतात. दुसरे अभ्यासक पिएर लग्रां यांना ते अजिबात मान्य नाही. शब्द तेवढा प्रवास करतो, त्याचा अर्थ जुन्या मातीतच राहतो, असं त्यांचं म्हणणं. ‘कलम’ लिहिलंत की तुम्ही वॉटसनच्या बाजूला उभ्या राहिलात.

नेरूळकर: मग ‘उसना नियम’?

कोर्टनाका: उसनं परत करावं लागतं, ताई.

नेरूळकर: ‘आणलेला नियम’ लिहिते. आणि पहिलं वाक्य: ‘दोन विधिव्यवस्थांतले नियम मी त्यांच्या कामावरून ताडून पाहणार आहे.’

नौपाडेकर: ‘ताडून’ छान. राहू दे.